पाते नसले तरी छेद आहेच

गेल्या पावसाळ्यात एक बावीस वर्षांची मुलगी आईसह आमच्या दवाखान्यात आली. लग्न ठरलेले, मुहूर्त मार्गशीर्षातला, आणि चष्म्याचे नंबर उजव्या डोळ्याचा उणे साडेसहा, डाव्याचा उणे सात. शहरातील एका नेत्ररुग्णालयाचे माहितीपत्रक आईने आमच्या मेजावर ठेवले. त्यावर ठळक अक्षरांत तीन विशेषणे छापली होती : ब्लेडविरहित, टाकाविरहित, वेदनाविरहित. ‘‘अहो डॉक्टर, यात पातेच नाही म्हणतात. मग याला ऑपरेशन तरी कशाला म्हणायचे?’’ असे त्या माउलींनी विचारले. त्यांना आमच्याकडून सल्ला नको होता, होकार हवा होता. दुसऱ्याच दिवशी तपासणीची वेळ घेतलेली होती.

असे रुग्ण आता तालुक्याच्या गावीही येऊ लागले आहेत. आपण वैद्य आहोत, लेझरयंत्र चालविणारे नेत्रशल्यचिकित्सक नव्हे, तेव्हा या विषयात आपण बोलावे काय, अशी शंका काही सभासद बंधू बोलून दाखवितात. आमच्या मते बोलावे. कारण रुग्ण नेत्ररुग्णालयात जाण्यापूर्वी घरच्या वैद्याला विचारतो, आणि तेथून परतल्यावर डोळ्यांत कोरडेपणा जाणवू लागला की पुन्हा आपल्याकडेच येतो. मधल्या अर्ध्या तासात काय घडले हे आपल्याला ठाऊक नसेल, तर आधीचा सल्ला आणि नंतरचा उपचार हे दोन्ही अंधारातील ठरतात.

प्रथम त्या ‘ब्लेडविरहित’ शब्दाचा विचार करू. आपल्या शास्त्राला हा शब्द नवा वाटण्याचे कारण नाही. सुश्रुताचार्यांनी वीस शस्त्रांच्या वर्णनानंतर सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायातच अनुशस्त्रे सांगितली आहेत. बांबूची साल, स्फटिक, काच, कुरुविंद, जळू, अग्नी, क्षार, नख इत्यादी. ती कोणासाठी, हेही सांगितले आहे : बालकांसाठी, शस्त्राचे भय वाटणाऱ्यांसाठी आणि शस्त्र उपलब्ध नसेल तेव्हा. म्हणजे शस्त्रभीरू रुग्ण ही काही आजच्या जाहिरातदारांनी लावलेली शोध नव्हे. मात्र शस्त्र बदलले म्हणून कर्म टळले, असे आचार्यांनी कोठेही मानलेले नाही. अग्निकर्माला स्वतंत्र अध्याय आहे, क्षारकर्मालाही आहे. दोहोंना आपापले योग्य-अयोग्य रुग्ण आहेत, पूर्वकर्म आणि पश्चात्कर्म आहे, उपद्रव आहेत. लेझर हे या दृष्टीने आजच्या काळातील एक अत्यंत सूक्ष्म अनुशस्त्रच होय. ते अग्नीच्या गोत्रातले की स्फटिकाच्या, हा वाद एखाद्या परिसंवादासाठी राखून ठेवू.

या अनुशस्त्राचा इतिहास मोठा रंजक आहे आणि त्याच्या आरंभी एक भारतीय नाव आहे. मद्रासला १९२९ मध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे न्यूयॉर्कजवळील आयबीएमच्या प्रयोगशाळेत जेम्स विन व सॅम्युएल ब्लम यांच्यासह एक्सायमर लेझरवर काम करीत होते. १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंग या सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मेजवानीत उरलेल्या टर्की पक्ष्याचा तुकडा प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर हा किरण सोडून पाहिला. आजूबाजूचे ऊतक न भाजता नेमकी खाच पडली. पुढे १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रचिकित्सकांनी श्रीनिवासन यांच्या सहकार्याने प्राण्यांच्या पारपटलावर हाच प्रयोग केला. पारपटलाला छेद देऊन त्याचा आकार बदलण्याची कल्पना कोलंबियातील होसे बाराकेर यांनी त्याआधी कित्येक वर्षे मांडली होती. त्या कल्पनेला एक्सायमर किरणाची जोड देऊन १९९० च्या सुमारास ग्रीसमधील क्रीट बेटावर योआनिस पल्लिकारिस यांनी जी पद्धत रूढ केली, ती आज लॅसिक नावाने ओळखली जाते.

यातील यंत्रणा समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उमगणार नाही. पारपटल, म्हणजे कॉर्निया, हा बुबुळापुढील पारदर्शक पडदा मध्यभागी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक जाड असतो. डोळ्यात शिरणारे किरण वळविण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम तोच करतो. लॅसिकमध्ये प्रथम या पडद्याचा वरचा पातळ पापुद्रा एका कडेला बिजागरीसारखा जोडलेला ठेवून कापतात व पुस्तकाच्या पानासारखा उलटतात. मग आतील उघड्या भागावर १९३ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा एक्सायमर किरण सोडून, प्रत्येक स्पंदाला सुमारे पाव मायक्रॉन याप्रमाणे, गणिताने ठरविलेला भाग उडवून देतात. शेवटी पापुद्रा पुन्हा जागेवर बसवितात. आपल्या परिभाषेत पहिले छेदन, दुसरे लेखन.

‘ब्लेडविरहित’ हा शब्द यातील फक्त पहिल्या पायरीला लागतो. लेखन हे प्रथमपासून लेझरनेच होत आले आहे, त्याला कधीच पाते नव्हते. पापुद्रा मात्र पूर्वी मायक्रोकेराटोम नावाच्या उपकरणातील सरकत्या पात्याने कापीत. त्या जागी फेम्टोसेकंद लेझर आले. याचाही उगम एका अपघातात आहे. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात जेरार्ड मुरू यांच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून हा किरण गेला. त्याला तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांना, रॉन कुर्ट्झ यांना, दृष्टिपटलावर अतिशय आखीव, नेमक्या सीमेची इजा आढळली, आणि एवढ्या नेमकेपणाचा उपयोग शस्त्रकर्मात का करू नये, असा विचार पुढे आला. २००१ च्या सुमारास हे यंत्र रुग्णांसाठी वापरात आले. मुरू यांना डोना स्ट्रिकलंड यांच्यासह त्यामागील मूळ शोधाबद्दल २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या किरणाचे प्रत्येक स्पंदन सेकंदाच्या अब्जांशाच्याही दशलक्षांशात मोजावे लागते. पारपटलाच्या आत ठरावीक खोलीवर तो असंख्य सूक्ष्म बुडबुडे एकाला एक लागून निर्माण करतो. बुडबुड्यांच्या या थरामुळे वरचा पापुद्रा सुटतो आणि शस्त्रवैद्य तो एका बोथट धातूच्या उपकरणाने उचलतात. डोळा स्थिर राहावा म्हणून तेवढा वेळ त्यावर निर्वाताचे कडे बसविलेले असते. त्या काही सेकंदांत रुग्णाला दाब जाणवतो व अंधारल्यासारखे होते. हे आधी सांगितले नसेल तर रुग्ण घाबरतो.

तेव्हा पाते नाही हे खरे, आणि छेद आहे हेही तितकेच खरे. पापुद्र्याची कड काळजीपूर्वक पाहिल्यास वर्षानुवर्षे दिसते. तो पुन्हा पूर्ववत एकजीव होत नाही; डोळ्यावर जोराचा मार बसल्याने शस्त्रकर्मानंतर काही वर्षांनीही पापुद्रा सरकल्याची उदाहरणे नेत्रवैद्यकाच्या साहित्यात नोंदलेली आहेत. याच कारणाने कबड्डी, कुस्ती, मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांना पापुद्रा न करणारी पद्धत सुचवितात. तीत पृष्ठभागाची केवळ आवरणत्वचा दूर करून वरूनच लेखन होते. तिला पीआरके म्हणतात. तीही पात्याविनाच होते, पण पहिले तीन-चार दिवस चांगलेच दुखते आणि दृष्टी स्थिरावण्यास आठवडे लागतात. जाहिरातीत ती मागे का पडते ते सांगावयास नको. तिसरी पद्धत स्माइल नावाची. तीत फेम्टोसेकंद लेझरने पारपटलाच्या आत एक पातळ भिंगासारखी चकती कापून दोन ते चार मिलिमीटरच्या लहान छेदातून बाहेर काढतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला २०१६ मध्ये मान्यता दिली. ‘बिनपात्याची’ या एकाच विशेषणाखाली या तिन्ही येतात, म्हणून रुग्णाने पहिला प्रश्न विचारावा तो हाच की, माझ्यावर यांपैकी नेमके काय होणार आहे.

फेम्टोसेकंद लेझरचे श्रेय नाकारण्याचा आमचा हेतू नाही. पात्याने कापलेल्या पापुद्र्याची जाडी ठरविल्यापेक्षा बरीच कमी-अधिक होई. मध्येच भोक पडणे, पापुद्रा पूर्ण सुटून हाती येणे असे अपघात घडत. लेझरने जाडी बऱ्याच अचूकपणे १०० ते १२० मायक्रॉनपर्यंत ठेवता येते व हे अपघात विरळ झाले. पण रुग्णाला ज्यात रस असतो ती गोष्ट, म्हणजे शेवटी किती स्पष्ट दिसेल, तिच्यात पाते आणि लेझर यांत वर्षअखेर महत्त्वाचा फरक आढळत नाही, असा निष्कर्ष कोक्रेन संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकत्रित आढाव्यात आहे. शिवाय लेझरच्या पापुद्र्याचे स्वतःचे काही उपद्रव आहेत. पापुद्र्याखाली दाहाचा थर जमणे, काही आठवड्यांनी प्रकाश असह्य होणे, दिव्याभोवती इंद्रधनुष्यी पट्टे दिसणे हे त्यांपैकी काही. बहुतेक बरे होतात, पण होतात हे आधी कळलेले बरे.

आता त्या मुलीकडे वळू, कारण तिच्या निमित्ताने आम्ही जे गणित शिकलो ते प्रत्येक वैद्याने टिपून ठेवण्यासारखे आहे. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रात एक नंबर घालविण्यासाठी साधारण १४ मायक्रॉन जाडी उडवावी लागते. पापुद्रा ११० मायक्रॉनचा धरा. ज्याचे पारपटल ५४० मायक्रॉनचे आहे आणि नंबर उणे तीन आहे, त्याचे ११० अधिक ४२ असे १५२ मायक्रॉन बाधित होतात आणि पापुद्र्याखाली ३८८ शिल्लक राहतात. हे सुखाचे गणित. या मुलीच्या डाव्या डोळ्याचा नंबर सात, म्हणजे ९८ मायक्रॉन उडणार, आणि तिचे पारपटल मुळातच ४९५ मायक्रॉनचे निघाले. ११० अधिक ९८ म्हणजे २०८. शिल्लक २८७. पापुद्र्याखाली निदान २५० मायक्रॉन राहिलेच पाहिजेत हा जुना दंडक. त्याप्रमाणे ती पात्र ठरत होती. पण २०१४ पासून नेत्रवैद्यकात दुसराही एक दंडक चर्चेत आला : एकूण जाडीच्या ४० टक्क्यांहून अधिक भाग बाधित होत असेल तर वरवर निर्दोष दिसणारे पारपटलही पुढे ढिले पडण्याचा धोका वाढतो. ४९५ पैकी २०८ म्हणजे ४२ टक्के.

पारपटल ढिले पडणे याला एक्टेशिया म्हणतात. उरलेला पडदा डोळ्यातील दाबाने पुढे शंकूसारखा फुगतो, दृष्टी वेडीवाकडी होते, चष्म्याने सुधारत नाही. ही विकृती काही जणांत उपजत प्रवृत्तीने, कोणत्याही शस्त्रकर्माशिवायही होते. तिला केराटोकोनस म्हणतात. तिची सुप्त अवस्था साध्या तपासणीत दिसत नाही, पारपटलाचा नकाशा काढल्यावरच दिसते. अशा डोळ्यावर लॅसिक करणे म्हणजे तडा गेलेल्या मडक्याची भिंत आणखी खरवडणे होय.

येथे वैद्याचा उपयोग आहे. केराटोकोनसचा डोळे चोळण्याशी निकटचा संबंध आहे. लहानपणापासून डोळ्यांना कंड, शिंका, ऋतुबदलाबरोबर लाली, आणि मुठीने डोळे चोळण्याची सवय हा इतिहास नेत्ररुग्णालयातील धावपळीत निघेलच असे नाही. आपल्याकडे मात्र तो असतो, कारण त्याच कंडूसाठी आपण त्या मुलाला सहाव्या वर्षापासून औषध देत आलो आहोत. या मुलीच्या आईला विचारताच, ‘‘ती झोपेतही डोळे चोळते,’’ असे उत्तर आले. दुसरी गोष्ट, ती रोज कॉन्टॅक्ट लेन्स वापरीत होती आणि दुसऱ्या दिवशीच मोजमापाला जाणार होती. लेन्सच्या दाबाने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो, मग नकाशा चुकतो आणि त्या चुकीवर आधारलेले लेखनही चुकते. मऊ लेन्स पहिल्या तपासणीपूर्वी निदान दोन आठवडे, वक्रदृष्टीसाठीच्या मऊ लेन्स किंवा हवा जाऊ देणाऱ्या कडक लेन्स तीन आठवडे, जुन्या पद्धतीच्या कडक लेन्स चार आठवडे बंद ठेवाव्यात, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे सांगणे आहे. आम्ही तिला पंधरा दिवस थांबविले आणि डोळे चोळण्याची सवय चिठ्ठीवर लिहून दिली. त्या रुग्णालयातील शस्त्रवैद्यांनी ती चिठ्ठी वाचली, नकाशा पुन्हा काढला आणि लॅसिकला नकार दिला. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. माहितीपत्रक छापणारा आणि यंत्रापाशी उभा राहणारा हे पुष्कळदा निरनिराळे असतात, हे आपण विसरू नये.

याच वेळी विचारावयाच्या इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. वय अठराच्या आत नसावे आणि गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्याहून अधिक बदललेला नसावा. गर्भिणी व स्तनदा यांनी थांबावे, कारण त्या काळात नंबर डळमळतो. आमवात किंवा अन्य स्वयंप्रतिकारजन्य विकार, अनियंत्रित प्रमेह, डोळ्यात पूर्वी होऊन गेलेली नागीण, यांचा उल्लेख शस्त्रवैद्यांकडे आवर्जून व्हावा. मुरुमांसाठी घेतलेले आयसोट्रेटिनॉइन, अर्धशिशीसाठीचे सुमाट्रिप्टान आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडारोन या तिन्ही औषधांबाबत सावधगिरीची सूचना आहे. यांपैकी पहिले तर लग्नाळू मुलामुलींमध्ये फार चालते, आणि चेहऱ्याच्या गोळ्यांचा डोळ्यांशी काय संबंध म्हणून कोणी ते सांगत नाही. नंबर गेला तरी लांबट झालेला नेत्रगोल लांबटच राहतो. म्हणून मोठ्या नंबरवाल्यांनी बाहुली रुंदावून दृष्टिपटल आधी तपासून घ्यावे, आणि नंतरही ठरावीक काळाने तपासत राहावे. चष्मा गेला म्हणजे दृष्टिपटल फाटण्याचा धोका गेला, असे नव्हे.

चाळिशी ओलांडलेल्यांचे आणखी निराळे आहे. आमच्या परिचयातील एक सराफ उणे अडीचचा चष्मा लावतात. दागिन्याचे बारीक काम करताना ते चष्मा कपाळावर सारतात आणि उघड्या डोळ्यांनी नथीतला मोती बसवितात. लेझर करून दूरचे दिसू लागेल, पण जवळच्या कामासाठी चष्मा नाकावर येईल, हे कळल्यावर त्यांनी हा बेतच सोडून दिला. ज्यांचा धंदा जवळच्या नजरेवर चालतो त्यांना ही गोष्ट सांगितल्यावाचून होकार देऊ नये.

नोकरीसाठी लेझर करून घेणाऱ्या तरुणांची मोठी संख्या आहे. भरतीची तयारी करणारी मुले कर्ज काढून डोळे करून घेतात. परंतु रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाच्या जाहिरातीत लॅसिक झालेला उमेदवार अपात्र असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. सैन्यदलांत शाखेनुसार नियम निरनिराळे आहेत. कोठे ठरावीक अटींवर चालते, कोठे चालत नाही. चष्म्याने बाद होईल म्हणून लेझर केले आणि लेझरने बाद झाला, असा एक मुलगा आमच्यासमोर बसून रडला आहे. आधी जाहिरातीतील वैद्यकीय निकषांचे पान वाचा आणि मग डोळ्याला हात लावू द्या, एवढे सांगण्यास नेत्रतज्ज्ञ असावे लागत नाही.

परिणामांविषयी एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तेथील राष्ट्रीय नेत्रसंस्था व संरक्षण खाते यांच्यासह केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५७४ जणांना शस्त्रकर्मापूर्वी व नंतर प्रश्न विचारले होते. ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीविषयी समाधानी होते. त्याच वेळी, आधी प्रकाशवलय, चमक, दुहेरी प्रतिमा यांपैकी काहीही त्रास नव्हता अशांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी असा एखादा नवा त्रास जाणवत होता. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा आला होता. नित्याचे व्यवहार अडावेत इतका दृष्टीचा त्रास मात्र एक टक्क्याहून कमी जणांना होता. समाधान आणि त्रास एकाच माणसात एकत्र नांदू शकतात, हे या आकड्यांतून दिसते. रात्री महामार्गावर ट्रक चालविणाऱ्याला आणि घरात शिवणकाम करणाऱ्या बाईला समोरच्या दिव्याभोवतीचे वलय सारखेच महत्त्वाचे नसते; तेव्हा आकडा एकच असला तरी सल्ला एकच असणार नाही.

कोरडेपणाचे कारण, पापुद्रा कापताना पारपटलातील संवेदना वाहणारे सूक्ष्म तंतू तुटतात, हे एक प्रमुख होय. ते पुन्हा वाढण्यास काही महिने लागतात. हेच रुग्ण आपल्याकडे शुष्काक्षिपाक म्हणून येतात. आणि येथे आम्हांस आमचीच चूक सांगावयाची आहे. संगणकावर काम करणारी एक सत्तावीस वर्षांची रुग्णा डोळे खुपतात म्हणून आली. लक्षणे पुस्तकात लिहिल्यासारखी होती. आम्ही तर्पण सुरू केले. उडदाच्या पिठाची पाळी, कोमट सिद्ध घृत, सारे यथाविधी. तिसऱ्या दिवशी तिला न्यायला आलेले तिचे यजमान सहज म्हणाले की, दोन महिन्यांपूर्वी लेझर केल्यापासून हे सुरू आहे. आमच्या हातातील पात्र तसेच राहिले. त्याच संध्याकाळी नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घेतले. पापुद्रा जागेवर होता, काही बिघडले नव्हते. पण ते आमच्या कौशल्यामुळे नव्हे. मेघाच्छादित दिवशी तर्पण करू नये हा नियम आम्ही काटेकोर पाळतो, आणि या डोळ्यावर अलीकडे छेद झाला आहे काय, हे विचारण्याचे मात्र आमच्या केसपेपरात स्थानच नव्हते.

आमचे मत असे बनले आहे की, लेझरनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तर्पण, पुटपाक, अंजन, आश्च्योतन यांपैकी कोणतेही कर्म संबंधित शस्त्रवैद्यांच्या संमतीविना करू नये. शिरोधारेचे तेल व चेहऱ्याचे स्वेदन यांचाही याच दृष्टीने विचार व्हावा. डोळा चोळला जाणे आणि निर्जंतुक नसलेले द्रव्य पापुद्र्याच्या कडेशी जाणे, ही दोन भये आहेत. क्षयजंतूंच्या जातकुळीतील, पाण्यात व मातीत राहणारे काही जीवाणू लॅसिकनंतर पापुद्र्याखाली शिरून हट्टी संसर्ग करतात, हे सर्वश्रुत आहे. घरी काढलेला त्रिफळ्याचा काढा, बाटली उघडून महिना झालेले गुलाबजल, मध, आजीने धरलेले काजळ, हे सारे निरोगी डोळ्याने आजवर सोसले असेल. छेदलेला डोळा ते सोसेल, असे धरून चालू नये. काजळ व इतर प्रसाधने शस्त्रकर्माच्या आदल्या दिवसापासूनच बंद असावीत. तोंडावाटे घ्यावयाची औषधे, आहार, निद्रा, पडद्यापुढील वेळेचे नियमन यांत आपल्याला करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते आपण करावे.

औषधविक्रेत्या सभासदांसाठी दोन शब्द. लेझरनंतर काही दिवस स्टिरॉइडचे थेंब देतात. डोळा शांत वाटतो म्हणून रुग्ण रिकामी बाटली घेऊन पुन्हा दुकानात येतो व तीच मागतो. चिठ्ठीशिवाय ती देणे कायद्याने मना आहे, हे तर झालेच. पण यात एक खोल खड्डा आहे. स्टिरॉइडने काहींच्या डोळ्यातील दाब वाढतो व काचबिंदू होतो. आणि लेझरने पातळ झालेल्या पारपटलावर दाब मोजला की तो प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणजे वाढलेला दाब मोजणीतही लपतो. ज्यांच्या फळीवर आयुर्वेदीय आणि आधुनिक दोन्ही औषधे असतात त्यांनी ही बाटली हातात घेताना एवढे आठवावे.

दुसरी गोष्ट काहींना रुचणार नाही. लेझरच्या जाहिरातीवर टीका करताना आपल्याच काही उत्पादकांच्या ‘चष्मा घालवा’ छापाच्या थेंबांकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुसऱ्या पटलातील तिमिराचे सुश्रुतोक्त वर्णन, दूरचे जवळ भासणे, सुईचे नेढे न दिसणे, हे वाचून काहींनी त्याची ऱ्हस्वदृष्टीशी सांगड घातली आहे. अभ्यासाचा विषय म्हणून ते ठीक आहे. परंतु नेत्रगोल एक मिलिमीटर लांबला तर सुमारे तीन नंबर वाढतो, आणि लांबलेला गोल कोणत्याही थेंबाने आखूड होत नाही. डोळ्यांच्या विकारांवर असे दावे करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याखाली गुन्हा आहे. दोन्हीकडे भीती एकच विकली जाते, चष्म्याची.

त्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात चष्म्यासह झाले. मुंडावळ्या चष्म्याच्या काड्यांत अडकत होत्या असे तिची आई हसत हसत सांगून गेली. डोळ्यात भिंग बसविण्याचा पर्याय तिला शस्त्रवैद्यांनी सांगितला आहे, त्याचा विचार ती सावकाश करील.

आमच्या केसपेपरावर या महिन्यापासून एक नवा रकाना छापला आहे : डोळ्यांवर लेझर झाले आहे काय, केव्हा, कोणत्या पद्धतीने, आणि कागद जपले आहेत काय. शेवटचा प्रश्न मुद्दाम घातला. साठीनंतर मोतीबिंदू झाला की डोळ्यात बसवावयाच्या भिंगाचा नंबर पारपटलाच्या वळणावरून काढतात. लेझरने ते वळण बदललेले असते, त्यामुळे नेहमीचे गणित चुकते आणि शस्त्रकर्मापूर्वीची मोजमापे हाताशी असली तर मोठी मदत होते. तीस-पस्तीस वर्षांनी ते रुग्णालय तेथे असेलच असे नाही. म्हणून ज्यांचे लेझर झाले आहे त्यांना आम्ही सांगतो, हा कागद सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवा.